पाचवे नाव

मित्रांनो, मला तुम्ही हातात घेऊ शकत नाही. माझ्यावर धूळ बसत नाही की गंज चढत नाही. तरी मी जुनाच म्हणायचा. धुळ्याच्या सुलक्षणाताईंच्या लॅपटॉपमधला मी एक चाळीस ओळींचा छोटा प्रोग्रॅम आहे.

ताई इंजिनिअर आहेत. कॉलम किती जाड हवा, त्यात सळई किती हवी, याचा हिशेब त्या एका मोठ्या सॉफ्टवेअरवर करतात. त्यात निरनिराळ्या देशांच्या बांधकाम नियमांची, म्हणजे कोडची, यादी असते. नवे काम सुरू करताना तिच्यातून आपला भारतीय कोड निवडावा लागतो. एकदा घाईत ताईंकडून तो निवडायचा राहिला आणि दोन दिवसांची मेहनत वाया गेली. त्या स्वतःवरच चिडल्या, आणि त्या चिडीतून माझा जन्म झाला. मला त्यांनी एवढेच शिकवले : यादी उघड, पाचवे नाव निवड, ‘झाले’ असे लिही.

चार वर्षे मी तेच केले. शाळा, दुकाने, रावेरकडची केळी भरायची पॅकिंग हाऊस, सगळ्यांची सुरुवात माझ्यापासून होई. “हा माझा सर्वांत भरवशाचा माणूस,” असे ताई म्हणत. मला माणूस म्हटलेले फार आवडे. पुढे पुढे मात्र त्या मला विसरल्या. जे बिनबोभाट चालते, त्याच्याकडे कोण बघते?

या जूनमध्ये सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती आली. मी नेहमीसारखाच धावत राहिलो.

दोन महिन्यांनी सकाळीच रावेरच्या कामावरून सिंगाभाऊंचा फोन आला. हे सातपुड्याच्या पायथ्याचे. सळई बांधण्यात त्यांचे आयुष्य गेलेले.

“ताई, कॉलमन्या रिंगा इतल्या लांब लांब कश्या काय?”

“नकाशात आहेत तशाच बांधा, भाऊ.”

“नकाशामा तसंच शे. पन मना मन मानत नही. इतला साल मी सांधाजोडे रिंगा जवळ जवळ बांध्यात. दुपारले काँक्रीट भरानं शे, म्हनीसन इचारं.”

या रिंगा उभ्या सळयांना कवळून धरतात. धरणीकंप झाला तर तुळईच्या सांध्यापाशी कॉलम फुटू नये, म्हणून आपला कोड तिथे त्या जवळ जवळ मागतो. ताईंनी फाइल उघडली. कोडच्या रकान्यात भलत्याच देशाचे नाव होते.

त्यांनी यादी उघडून पाहिली. नव्या आवृत्तीत यादीच्या मध्येच एक नाव वाढले होते. आपले नाव सहाव्या जागी सरकले होते, आणि मी इमानेइतबारे पाचवेच निवडत होतो.

मित्रांनो, मी हादरलो. माझी एकही ओळ चुकली नव्हती. सांगितले तेवढेच मी केले होते. आणि तेवढ्याने कुणाच्या डोक्यावरचे छप्पर धोक्यात आले होते!

“भाऊ, थांबा! एक घमेलंसुद्धा टाकू नका,” ताई ओरडल्या.

अशी अकरा कामे निघाली. नऊ अजून कागदावर होती. रावेरचे वेळेवर थांबले. पण पारोळ्याला मंजुळाबाईंच्या घराचे कॉलम भरून झाले होते.

ताई त्याच दिवशी पारोळ्याला गेल्या. अंगणातल्या खाटेवर त्यांनी लॅपटॉप उघडला, म्हणून मीही तिथे होतो.

“अक्का, माझी चूक झाली. तुमचे कॉलम कमी पडतात. बाहेरून नवी सळई आणि काँक्रीट चढवून ते भक्कम करावे लागतील. खर्च मी करीन.”

कॉलमवर पाणी मारणाऱ्या मंजुळाबाईंच्या हातातला पाइप तसाच वाहत राहिला.

“लेकरंसले पाजतंस तसं पानी पाजं मी यासले,” त्या म्हणाल्या. “आनि तू सांगस, त्या कच्चा शेतस? वर मना घरना बठ्ठा जन झोपतीन, ताई!”

“कॉम्प्युटरने चुकवले” असे ताई सहज म्हणू शकल्या असत्या. माझे नावही त्यांनी घेतले नाही. त्याने मला अधिकच ओशाळल्यासारखे झाले.

नळ बंद करून मंजुळाबाई म्हणाल्या, “काम व्हई तवय तू सोता उभी रहाजो.”

ताई आठ दिवस उन्हापावसात उभ्या राहिल्या. रिंग न् रिंग त्यांनी टेप लावून मोजली.

मग त्यांनी मला नव्याने लिहिले. आता मी जागा मोजत नाही, कोडचे पूर्ण नाव शोधतो. निवडल्यावर ते परत वाचून बघतो. जुळले नाही, तर लाल अक्षरांत तशी ओळ लिहून तिथेच थांबतो.

परवा पुन्हा नवी आवृत्ती आली. त्यात नावाचे स्पेलिंग बदलले होते. मी थांबलो. ताईंना चाळीसगावला निघायची घाई होती, सात कामे खोळंबली होती. त्या वैतागल्या, लाल ओळ वाचली, आणि खांद्यावरची पर्स उतरवून पुन्हा खुर्चीत बसल्या.

मित्रांनो, आम्ही झटपट कामे करतो, पण ती करताना आम्हाला शंका येत नाही. ती तुम्हालाच यायला हवी. म्हणून आमच्यावर भरवसा जरूर ठेवा, पण वरचेवर आम्हाला उघडून बघा. आणि ज्याच्या हाताला काम कळते असा कुणी म्हणाला, ‘मना मन मानत नही,’ तर हातातले सगळे सोडून आधी त्याचे ऐका.