तिरका हौद

माझ्या नवऱ्याने, लान्सने, आयुष्यभर लोकांची घरं उचलली. ऑस्ट्रेलियातल्या रॉकहॅम्प्टनची आमची जुनी लाकडी घरं उंच खांबांवर उभी. खांब कुजले की घराखाली जॅक लावायचे, अख्खं घर कपबश्यांसकट वर घ्यायचं आणि नव्या खांबांवर टेकवायचं, हा त्याचा धंदा. अर्ध्या गावाची वाकडी घरं त्याने सरळ केली. आणि हाच माणूस वर्षभर स्वतःच्या घराचा जिना उतरला नव्हता.

अर्धांगाचा झटका आला होता, त्यातून तो सावरला. काठी टेकत घरभर फिरायचा, माझ्या स्वयंपाकाला नावं ठेवायचा. पण एकदा जिन्यावर पाय घसरला आणि त्यानंतर जिन्याचं नाव काढलं तरी त्याचं तोंड उतरायचं. व्यायाम शिकवायला येणारी मुलगी मला स्पष्ट म्हणाली, "पायांत ताकद आहे हो त्यांच्या. हिंमत नाहीये." आमची लेक लिअन तर मुदतच देऊन गेली. नाताळपर्यंत बाबा खाली उतरले नाहीत, तर घर विकायचं आणि म्हाताऱ्यांच्या वसाहतीत बैठी खोली घ्यायची. ती वसाहत मी बघून आलेय. तिथे दुपारी बिंगो असतो आणि बिंगोनंतर काहीच नसतं.

म्हणून मी हौद मागवला. कारखान्यातच ओतलेला, तयार, काँक्रीटचा. लिअन त्याला स्विमिंग पूल म्हणते. चार माणसं जेमतेम मावतात त्यात, मी हौदच म्हणते.

लिअनचा फोन आला. "आई, व्हरांड्याच्या उंचीला बसवून घे ना. खालून चौथरा बांधून देतात. बाबा खुर्चीतून उठले की सरळ पाण्यात."

"आणि मग खाली कशाला उतरतील?"

"उतरायलाच नको, तेच तर म्हणतेय मी!"

"हौद खाली जमिनीतच बसणार," मी म्हटलं आणि फोन ठेवला. पाणी वर नेलं असतं तर हा माणूस कायमचा वरच राहिला असता, एवढं मला कळत होतं.

शेजारचा नेव्ह कुंपणावरून सगळं ऐकत होता. त्याला दुसरा उद्योग नाही. "ग्लेनिस, तुझा लान्स खाली आला तर मी मिशी उतरवीन."

"वस्तरा धुऊन ठेव," मी म्हटलं.

माझं गणित सोपं होतं. लान्सला तिरकं काही बघवत नाही. लोकांच्या घरी गेला तरी भिंतीवरच्या तसबिरी सरळ करत बसतो. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात, तो पीळच मला हवा होता. हौद बसवणाऱ्या डॅझने ऐसपैस खड्डा खणून, खडी दाबून, खुंट्या ठोकून घराच्या भिंतीला समांतर दोरी ताणून ठेवली होती. क्रेन यायच्या दिवशी उजाडताच मी खाली गेले, एका टोकाच्या खुंट्या उपटल्या आणि हातभर पलीकडे ठोकल्या. लान्सच्या खोलीचं दार तेव्हा बंद होतं.

क्रेन आली तशी गल्ली जमली. घडीच्या खुर्च्या आल्या, नेव्ह बिअरची बर्फपेटी घेऊन आला, मी सँडविचचं ताट फिरवलं. हौद ट्रकवरून उठला आणि आंब्याच्या शेंड्यावरून डुलत पलीकडे आला.

डॅझ माझ्याजवळ येऊन पुटपुटला, "दोरी तिरकी वाटतेय मला."

"दोरी म्हणते तसं कर."

त्याने माझ्याकडे पाहिलं, मग वर व्हरांड्याकडे पाहिलं, आणि क्रेनवाल्याला हात केला. शहाण्याला शब्दाचा मार.

हौद खड्ड्यातल्या खडीपासून वीतभर राहिला आणि वरून आरोळी आली. "ए! डावी बाजू पुढे आलीय! डॅझ, डोळे घरी ठेवून आलास काय?"

डॅझने ऐकून न ऐकल्यासारखं केलं.

"ग्लेनिस! सांग त्याला!"

"मला काय कळतंय त्यातलं? तूच ये सांगायला!"

मग जिन्यावर काठीचा आवाज झाला. मी ताट खाली ठेवलं. तोवर मी मोठी शहाणी होते. आता एकच दिसत होतं, की तो पडला तर ते माझ्यामुळे. त्याने कठडा धरला, आजारी पाय आधी टाकला, मग चांगला. थांबला. पुन्हा टाकला. शेवटची पायरी उतरला तेव्हा नेव्हचा हात आपसूक मिशीवर गेला.

लान्सने कुणाकडे पाहिलं नाही. काठी रोखून डॅझला म्हणाला, "ते टोक मागे घे. अजून. अजून थोडं. बस्स." हौद भिंतीला समांतर टेकला. गल्लीने टाळ्या वाजवल्या.

मग तो माझ्याजवळ आला. "खुंट्या कोणी हलवल्या?"

"कुणास ठाऊक. कुत्र्याने असतील."

"कुत्रा गुलाबी गाउन घालतो?"

मी ओशाळले. "पाहिलंस तू? मग वरूनच सांगायचं की, खुंट्या हलवल्यात म्हणून. उतरलास कशाला?"

तो हौदाकडे बघत राहिला. "तू ओल्या गवतात गुडघे टेकून बसली होतीस. हातोडा सारखा निसटत होता तुझ्या हातून. आणि मी वर खिडकीशी उभा राहून बघत होतो, ग्लेनिस. खुंट्या तू ठोकतेयस आणि मी बघतोय. नाही सहन झालं मला."

मला रडू आलं. गल्ली बघत होती, तरी आलं. मला वाटलं होतं, मी याला फसवून खाली आणला.

"रडतेस काय," तो म्हणाला आणि घराखालच्या बाकाकडे काठी टेकत निघाला. "हातोडा आण इकडे. धरायचा कसा ते दाखवतो."