नैवेद्य खाऊन मेलेली गाय

आनेकलच्या वाटेवरच्या त्या बंगल्यांच्या वसाहतीत दर अमावास्येला गोग्रास असायचा. घास कसला, अख्खी जेवणावळच! साखरभात, पुरणपोळ्या, गुळाचं पायसम, वर केळी. सरकारी कारखान्यातून निवृत्त झालेले इंजिनिअर नंदकिशोर या कार्याचे पुढारी, आणि त्यांच्या पत्नी प्रेमाताई अन्नपूर्णा. तीस घरांचं पुण्य एका गाईच्या पोटात कोंबायचं, एवढाच काय तो यांचा धर्म.

गाय होती यल्लव्वाची. तिचं नाव तुंगी. बेळगावकडून आलेली यल्लव्वा नवऱ्यामागं दोन गाईंवर घर चालवत होती. वसाहतीला लागूनच गोमाळ, म्हणजे गावाचं गायरान. यल्लव्वा आणि शेजारचे गाईवाले त्याचे तीन तुकडे करून आळीपाळीनं चारायचे. एक चारायचा, दोन राखायचे, आणि गवत वीतभर झाल्याशिवाय राखलेल्यात जनावर सोडायचं नाही. पण त्यांच्या शहाणपणाला डिग्री कुठली? नंदकिशोरांना जनावरांविना दोन तुकडे दिसले आणि साहेबांनी निदान केलं, "ही तर पडीक जमीन!" झालं! अर्ज गेले, कुंपण आलं, कुलूप लागलं. आत विकतची हिरवळ अंथरून फिरायला वाट केली. गाईच्या तोंडचं गवत काढायचं आणि महिन्यातून एकदा तिला पुरणपोळी भरवायची. वा रे गोभक्त!

त्यातही गाय आत, मालकीण बाहेर. यल्लव्वा विधवा ना! तिचा हात नैवेद्याला लागू नये, म्हणून वसाहतीच्या फाटकाशी वॉचमन परसू तिच्याकडून दोर घ्यायचा. घरोघरी मुलं परदेशात, पण विधवा मात्र फाटकाबाहेर.

त्या अमावास्येला तुंगी सात महिन्यांची गाभण होती. गोमाळ बंद झाल्यापासून वाळक्या कडब्यावर कशीबशी तगलेली. भुकेलं जनावर ताटावर ताट चाटून पुसून खाऊ लागलं, तशी यल्लव्वा फाटकाबाहेरून ओरडली, "अक्का, बास करा की ओ! शिजलेला भात पोटात आंबतोय. गाभण हाय ती!"

"अगं यल्लव्वा, नैवेद्याला नाही म्हणू नये," प्रेमाताई म्हणाल्या. "अजून अकरा घरं राहिलीत. फोटोसुद्धा व्हायचेत."

"मग मला आत सोडा, मी नेतो तिला."

"तू? आज? काहीतरीच काय!"

परसूनं मान खाली घातली, पण फाटक उघडलं नाही. अकराही घरांनी आपापलं पुण्य उरकलं.

संध्याकाळी तुंगीचं रवंथ थांबलं. पोट तट्ट फुगलं. दुसऱ्या दिवशी दुपारी ती गेली, आणि पोटातलं वासरूही. जनावरांचे डॉक्टर योगीराज चिडून म्हणाले, "भात-गुळानं पोटात आम्ल झालं. हिला गवत हवं होतं, मेजवानी नव्हे." हे नंदकिशोरांच्या कानावर गेलं, तेव्हा ते म्हणाले, "सो सॅड. पण मुखी नैवेद्य होता. किती पवित्र मरण!" जीभ झडली नाही या माणसाची!

पुढच्या अमावास्येला यांनी परसूच्या हाती एक साडी देऊन यल्लव्वाची दुसरी गाय मागवली. निर्लज्जपणालाही काही सीमा? यल्लव्वा आली, पण एकटीच. साडी परसूच्या हातात परत दिली आणि या वेळी ती थेट आत शिरली. परसू बाजूला झाला.

"गाय येणार न्हाई," ती ताटांच्या रांगेसमोर उभी राहून म्हणाली.

"ठीक आहे, मग दुसऱ्या कुणाची आणू," नंदकिशोर म्हणाले.

"आणा की! सगळ्या गोठ्यांत जाऊन आलोय मी. कुणी देत न्हाई. आधी गोमाळाचं कुलूप काढा सायेब. आमचे तीन तुकडे आमास्नी द्या."

प्रेमाताई ताट मागं ओढत किंचाळल्या, "अगं, हो मागे! नैवेद्याजवळ अशुभ कशाला आणतेस?"

"अशुभ मी?" यल्लव्वाचा आवाज फाटला. "पंचवीस वर्सांत माझ्या हातनं एक जनावर मेलं न्हाई. तुमच्या हातनं एका दुपारी दोन जीव गेले!"

यल्लव्वा तिथून निघाली ती थेट गोमाळाच्या कुलपासमोर जाऊन बसली. तासाभरात शेजारचे गाईवाले जनावरांसकट तिच्या मागं येऊन बसले. इकडे तीस ताटांवर माशा घोंगावू लागल्या. तरीही किल्ली नंदकिशोरांच्या खिशातच आहे. गाईसमोर हात जोडणाऱ्या सज्जनांनो, तुमच्या खिशात कुठल्या गोमाळाची किल्ली आहे, ते एकदा चाचपून बघा.