मीठ-साखरेचं पाणी

सुजितनं गॅलरीतल्या फरशीवर फिनेल ओतलं आणि गुडघ्यावर बसून तिसऱ्यांदा पोतेरं फिरवायला घेतलं. कुत्रं वॉशिंग मशीनच्या आडोशाला खपाटीला गेलेलं पोट फरशीला लावून पडलं होतं. मागच्या पायांवरची घाण वाळून केस चिकटले होते. पुसता पुसता त्याच्या शेपटीवरून पोतेरं गेलं तरी ते हललं नाही. फक्त डोळे उघडे होते, आणि ते सुजितवर होते.

गेले सोळा दिवस ते असंच बघत होतं. भुंकायचं नाही, गुरगुरायचं नाही. सुजित जेवायला बसला की बघायचं, बूट घालायला लागला की बघायचं.

"पुन्हा झाली का?" प्राजक्तानं दारातून विचारलं.

"नुसतं पाणी पडतंय."

"मीच खाऊ घातलं ओ काल." ती पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती. "उपाशी दिसला म्हणून पातेलंभर दूध दिलं. वर बिस्किटं कुस्करली. दूध कधी बाधतं का कुणाला?"

जनावरांच्या डॉक्टरांना फोन लावला तर ते गावाला गेलेले. तिथूनच ओरडले, "दूध! सगळे कौतुकानं दूधच पाजतात आणि मग मला फोन करतात. आज खायला काही देऊ नका. उकळून गार केलेल्या पाण्यात मीठ-साखर घाला आणि अर्ध्या अर्ध्या तासानं थोडं थोडं पाजा. स्वतःहून पिऊ दे, नरड्यात ओतू नका. मी सहाला दवाखान्यात आहे. तोवर पाणी आत गेलं पाहिजे. नाही गेलं, तर मला आणून दाखवून उपयोग नाही."

प्राजक्तानं पाणी केलं. स्टीलच्या वाटीत ओतून कुत्र्याच्या तोंडाशी धरलं. "मोती, पी रे. मोत्या, ए राजा." कुत्र्यानं तोंड भिंतीकडे वळवलं. हे मोती नाव तिनंच ठेवलं होतं, आणि कुत्र्यानं ते एकदाही ऐकून घेतलं नव्हतं.

सुजितनं बायकोला सांगितलं होतं, कंपनीतलं भटकं आहे, दया आली म्हणून आणलं. त्यातलं भटकं हे खोटं होतं आणि दया हेही खोटं होतं. कुत्रं किसनचं होतं.

किसन परभणीकडचा. चाकणच्या शेडमध्ये प्रेसवर ऑपरेटर होता आणि सुजित त्याचा शिफ्ट सुपरवायझर. हाताखाली पत्रा, वरून शंभर टनांचा ठोका. माणसाचा हात आत गेला की मशीन जागच्या जागी थांबावं म्हणून तिला सेन्सर असतो. तो सेन्सर उठसूट मशीन थांबवतो, माल कमी पडतो, म्हणून मालक रणजीतशेठनी तो बंद करायला लावला होता. त्याची किल्ली सुजितच्या खिशात असायची. सगळ्या शेडला हे माहीत होतं. कंपनीत कुणी पाहुणे बघायला आले की सुजित किल्ली फिरवायचा, पाहुणे गेले की परत फिरवायचा. दीड महिन्यापूर्वी सकाळच्या पाळीला किसन अडकलेला पत्रा काढायला खांद्यापर्यंत आत वाकला आणि ठोका खाली आला. फोन त्याच्या वरच्या खिशात होता. त्याचाही चुरा झाला. दुपारपर्यंत मशीन धुऊन काढली आणि दुसऱ्या पाळीला त्याच प्रेसवर दुसरा माणूस उभा केला. माल अडकून चालत नाही. माणूस अडकला तर चालतं.

किसनची बायको जयमाला लेकराला घेऊन गावी गेली. कुत्रं मात्र खोलीवरून चालत कंपनीच्या गेटवर आलं आणि तिथंच बसलं. पाळी सुटताना प्रत्येक माणसाचा वास घ्यायचं. शेठ म्हणाले, चौकशीला लोक येतील, त्याच्या आत हे गेटवरून हलव, कुठंतरी लांब सोडून ये. सुजितनं ते स्कूटरवर पायाशी बसवलं आणि मोशीच्या पुलापर्यंत नेलं. पुलावर गाडी थांबवली. कुत्रं उतरलं नाही. तो उतर म्हणाला, ढकललं, तरी उतरलं नाही. बघत बसलं. मग तो ते तसंच घरी घेऊन आला.

साडेआठला शेठचा फोन आला.

"सुजितराव, साडेअकरा हां. चौकशीच्या ऑफिसच्या दारात आपला वकील उभा असंल. आपलं ठरलंय तेवढंच बोलायचं. किसननं सेन्सर सोताच्या हातानं बंद केला, आमाला म्हाईत न्हाई. संपलं."

"शेठ, जबाब उद्या दिला तर चालंल का? घरी कुत्रं आजारी आहे. पोट बिघडलंय त्याचं."

पलीकडे शेठ खोकला लागेपर्यंत हसले.

"आता तूबी सुरू केलंस का राव? आं? कुत्र्याला हगवन लागली म्हनून रजा! आन तिकडं फोनमधलं काढलंस का न्हाई?"

"काढतो."

"काढतो न्हाई, काढ. फोन मागून घेत्यात ते. त्या पोराचा तर चेंदामेंदा झाला, तुझ्यातलं तेवढं ऱ्हायलंय."

फोन ठेवला. तेवढं म्हणजे एक आवाजी मेसेज होता, त्या दिवशी पहाटे किसननं पाठवलेला. सुजितनं त्याची पहिली सात-आठ सेकंदं ऐकली होती. कुत्र्याला हगवण लागलीय, रातभर जागा आहे, सुट्टी द्या. एवढं ऐकून तो बंद केला आणि खाली लिहून टाकलं, 'उद्या मांजर बाळंत झाली म्हणशील. सातला मशीनवर पाहिजेस.' पुढं हसण्याची दोन तोंडं. नाश्त्याच्या टेबलावर त्यानं ते इतरांनाही दाखवलं होतं आणि सगळे हसले होते.

त्यानंतर दीड महिन्यात त्यानं तो मेसेज पुसायला कितीदा उघडला असेल. 'नक्की काढायचा का?' असं फोन विचारायचा, आणि तेवढ्या एका प्रश्नावर तो फोन खिशात टाकायचा.

आज त्यानं गॅलरीचं दार ओढून घेतलं. मेसेजवर अंगठा दाबून धरायला गेला. घाम होता की फिनेलचं पाणी, अंगठा घसरला आणि आवाज सुरू झाला.

"साहेब, किसन बोलायलोय. कुत्र्याला हगवण लागलीय, रातभर डोळ्याला डोळा नाई. आजच्या दिवस सुट्टी द्या. नाईच जमलं तर त्या प्रेसवर नका उभं करू. नाईतर साहेब, आजच्या दिवस सेन्सर तरी चालू करून द्या. डोळे मिटायलेत माझे. हात जोडतो…" मग भांड्याचा आवाज. किसननं फोन बंद न करताच खाली ठेवला असावा. आवाज लांब गेला आणि एकदम मऊ झाला. "ए सर्ज्या. पी रे बाबा. माझ्या हातनं पी. हां, हां. सर्ज्या माझा…"

सुजित भिंतीला टेकला. सेन्सरचं त्यानं पहिल्यांदाच ऐकलं होतं.

कुत्रं उठलं होतं. चारही पाय लटपटत होते, पण ते उभं होतं. ते फोनपाशी आलं, फोन हुंगला, सुजितच्या मागे जाऊन बघितलं, गॅलरीच्या जाळीतून खाली बघितलं. मग वाटीशी आलं आणि प्यायला लागलं. चार-पाच घोट. थांबलं, कान टवकारले. आवाज संपला होता. ते पुन्हा मशीनच्या आडोशाला जाऊन पडलं.

बैलाचं नाव कुत्र्याला ठेवलं होतं किसननं.

"सर्ज्या," सुजित हळूच म्हणाला. कुत्र्यानं मान वर केली, त्याच्या तोंडाकडे नीट बघून घेतलं आणि मान खाली टाकली. "सर्ज्या, पी रे." काही नाही.

नऊ वाजता त्यानं फोनचा आवाज अगदी बारीक केला, कुत्र्याच्या कानाशी धरला आणि मेसेज लावला. कुत्रं उठलं, शोधत फिरलं, प्यालं. साडेनऊला तेच. मेलेल्या माणसाला अर्ध्या अर्ध्या तासानं उठवून तो कामाला लावत होता. दर वेळी 'साहेब' या शब्दाला तो दाराकडे बघायचा. दर वेळी वाटायचं, या खेपेला किसन सेन्सरचं म्हणणार नाही. दर वेळी तो म्हणायचा, त्याच अजिजीनं, आणि हात जोडायचा.

दहा वाजता प्राजक्ता दार उघडून आत आली, तेव्हा त्यानं फोन मुठीत झाकला.

"अगं बाई, वाटी रिकामी? कसं पाजलंत?"

"असंच."

"चांगलाच उतरलाय की तुमचा चेहरा. जा, आंघोळ करा. शर्ट इस्त्री करून ठेवलाय." ती कुत्र्याच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. "काल किसनच्या जयमालाला फोन केला होता मी."

"कशाला?"

"सहज. ती एकच धरून बसलीय. माझा माणूस त्या मशीनला भ्यायचा, तो सेन्सर कशाला बंद करील. तिला पैशाचं काही नाही ओ. म्हणते, पोराला मोठेपणी काय सांगू, तुझा बाप सोताच्या चुकीनं मेला?"

"ओव्हरटाइमच्या नादात करतात असली माणसं." हे तो तिला आधीही म्हणाला होता. आज ते अर्ध्यातच बारीक झालं.

साडेदहाला तो आंघोळ करून, शर्ट घालून बाहेर आला तेव्हा प्राजक्ता गॅलरीत फतकल मारून बसली होती. वाटी भरलेली तशीच. तिनं बोट बुडवून कुत्र्याच्या ओठांना लावून बघितलं होतं, चमच्यानं बघितलं होतं. पाणी तिच्या साडीवर सांडलं होतं.

"माझ्या हातून घेतच नाही ओ. हिरड्या बघा कशा पांढऱ्या पडल्यात. तुम्ही काय केलं होतं?"

"काही नाही."

"मग आत्ता पाजा."

"तू जरा बाहेर जा."

ती गेली नाही. "तुम्ही चाललात साडेअकराच्या जबाबाला. यायला चार वाजतील. तोवर मी काय करू, त्याला मरताना बघू? काय केलं होतं ते सांगून जा."

फोन हातात थरथरला. शेठचा मेसेज. 'काढलं?'

सुजित त्या शब्दाकडे बघत उभा राहिला. कुत्रं त्याच्याकडे बघत होतं. प्राजक्ता त्याच्याकडे बघत होती. पुसायचं म्हटलं तर एका बोटाचं काम. सेन्सरची किल्ली फिरवण्याइतकंच सोपं. मग सहापर्यंत हे कुत्रं इथंच वाळून जाईल, आणि त्याच्या नावानं कुणी जबाब मागायला येणार नाही.

त्यानं किसनचा मेसेज दाबून धरला. पुढं कुणाला पाठवायचा त्या यादीत प्राजक्ताचं नाव पहिलंच होतं. आतल्या खोलीत तिचा फोन वाजला.

"तुला एक पाठवलंय," तो तिच्याकडे न बघता म्हणाला. "ते त्याच्या कानाशी लाव. पूर्ण लाव. मध्ये बंद करू नकोस. मग तो पितो."

"म्हणजे गाणं आहे का काय?"

त्यानं बूट घातले, फाइल काखेत मारली आणि दार ओढून बाहेर आला. लिफ्टचं बटण दाबलं. लिफ्ट खालच्या मजल्यावर कुठंतरी अडली होती, माणसं चढत-उतरत असावीत.

बंद दारातून आवाज आला. प्राजक्ताला फोन बारीक करून ऐकायची सवय नव्हती. किसन सगळ्या जिन्याला ऐकू जाईल असा बोलायला लागला. सुट्टी द्या. प्रेसवर नका उभं करू. सेन्सर तरी. समोरच्या घरात भांडी घासणारी बाई थांबली, की सुजितलाच तसं वाटलं. सर्ज्या माझा, इथवर आवाज आला आणि थांबला. मग तोच आवाज पहिल्यापासून परत. या खेपेला सेन्सर या शब्दापाशी तो कापला गेला.

दार उघडलं. प्राजक्ता उंबऱ्यात उभी होती, ओल्या साडीनं, फोन छातीशी धरून. तिच्या पलीकडे गॅलरीत कुत्रं वाटीत तोंड घालून चपचप पीत होतं.

"अहो," तिनं विचारलं, "हा साहेब कुणाला म्हणतोय?"

लिफ्ट आली. दार उघडलं, आतला दिवा जिन्यावर पडला, आणि कुणी शिरत नाही म्हणून दार पुन्हा मिटायला लागलं.

"मला," सुजित म्हणाला.