अर्धा चिंचोका

फुलपाड्याच्या त्या हॉलमध्ये एरवी साखरपुडे आणि बारशी होत. गुरुवारी मात्र सकाळी आठ वाजताच तिथे पाय ठेवायला जागा उरत नसे. स्टेजवरच्या मखमली खुर्च्या हलवून पलंग मांडलेला, पलंगाशेजारी काळ्या स्टँडवर दोन डोळ्यांचा कॅमेरा आणि मागे भिंतभर पडदा. पलंगावर रुग्ण निजला, की प्रकाशगुरू यायचे. अंगात डॉक्टरांचा पांढरा कोट, गळ्यात रुद्राक्षाची माळ, हातात एक दांडी आणि दांडीच्या टोकाला तीन चकचकीत चंदेरी गोळे. देव रागावू नये आणि विज्ञानानंही बोल लावू नये, अशी दोन्हीकडची सोय गृहस्थांनी करून ठेवली होती.

"चिरा नाही, टाका नाही, थेंबभर रक्त नाही," गुरू माइकवरून सांगत. "परदेशात रोबो कापतो. इथे प्रकाश कापतो. कॉम्प्युटर फक्त दाखवतो, करणारा वेगळा आहे." असं म्हणत त्यांचं बोट छताकडे जाई आणि वाटेतून वळून स्वतःच्याच छातीवर येई.

मग पडद्यावर रुग्णाचं मूत्रपिंड उगवायचं, त्यावर लालभडक गाठ. गुरू दांडी पोटावरून फिरवत, पडद्यावर एक सुई सरकत सरकत गाठीत शिरे, आणि लाल रंग हळूहळू विरून जाई. हॉलभर हात जोडले जात. बायका डोळ्यांना पदर लावत. गुरुवार मूत्रपिंडाचा वार होता. यकृत, हृदय वगैरे मंडळींचे वार अजून ठरायचे आहेत, असं दारावरचा सेवक सांगे.

त्या पलंगावर एका गुरुवारी भुईगावची हंसा निजली, आणि शुक्रवारी दुपारी चार वाजता लुसीच्या ओट्यावर हसतच येऊन बसली.

"लुसीबाय, गाठ गेली. माज्या डोल्यांनी पडद्यावर बघितली. आता सोमवारी त्या हॉस्पिटलात कोन जातंय."

लुसीनं कपबशी खाली ठेवली. हंसाच्या डाव्या मूत्रपिंडात लिंबाएवढी गाठ निघाली होती. कर्करोगच असणार, पण अजून पसरलेला नाही, आत्ता काढली तर बाई वाचेल, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. येता सोमवार सोडून पुढच्या सोमवारची ऑपरेशनची तारीखही मिळाली होती. आज शुक्रवार, म्हणजे मध्ये दहा दिवस उरले होते.

हंसा ही लुसीची एकुलती एक येणारी-जाणारी होती. लुसीनं लग्न केलं नव्हतं. आईबाप गेले, भाऊ कॅनडात स्थिरावला, नाताळला त्याचा फोन येतो. रविवारी चर्चमध्ये मिस्साला चारचौघांत बसायचं, घरी येऊन आठवडाभर केळीच्या बागेकडे बघत बसायचं. दुपारी चारला पलीकडच्या गल्लीतून हंसा आली नाही, तर लुसीचा अख्खा दिवस तोंडातून शब्द न काढता जायचा. आणि हे तिनं कधी कुणाला सांगितलं नव्हतं, हंसालाही नाही.

"अगं, पण गाठ अशी दिसेनाशी होत नसते," लुसी म्हणाली.

"मला वाटलंच तू अशी बोलशील. म्हनून प्रितेशनं फोनवर काढलंय. बघ तूच." हंसानं मुलाचा फोन पुढे केला. "आनि तू सांगितलंस तसंच सगलं होतं. दोन डोल्यांचा कॅमेरा, चांदीचे गोले. नायतर मी कशाला विश्वास ठेवला असता?"

हे लुसीला लागलं. तिनंच सांगितलं होतं की. तीस वर्षं ती मुंबईच्या एका इंजिनीअरिंग कॉलेजच्या प्रयोगशाळेत होती. तिथले इंजिनीअर, एका हॉस्पिटलातले सर्जन आणि परदेशातलं एक विद्यापीठ मिळून संशोधन करत होते, कॉम्प्युटरच्या मदतीनं सर्जनची गाठ जाळणारी सुई नेमकी गाठीपर्यंत कशी न्यायची याचं. सुईच्या दांडीवर चंदेरी गोळे असतात. कॅमेरा ते गोळे बघतो, आणि सुई शरीरात कुठे पोचली ते पडद्यावर दिसतं. हंसाला ऑपरेशनची धास्ती बसली तेव्हा लुसीनं कागदावर चित्रं काढून तासभर हे सगळं समजावलं होतं. ती शिकवणी प्रकाशगुरूंच्या कामी आली.

लुसीनं चष्मा पुसला आणि फोन डोळ्यांजवळ नेला. मूत्रपिंड, गाठ, सुई. लाल रंग विरत गेला. आणि मागे, डावीकडे, एक छोटा पांढरा ठिपका तेवढा तसाच राहिला. एका बाजूनं गोल, एका बाजूनं सरळ तुटलेला.

तिनं चित्रफीत पुन्हा लावली. मग तिसऱ्यांदा.

"हंसा, हे तुझं मूत्रपिंड नाही. हे मी बनवलंय."

सुया माणसावर चालवण्याआधी नकली अवयवावर चालवाव्या लागत, आणि ते नकली अवयव करणं हे लुसीचं काम. जेलीसारखा गोठणारा चायना ग्रास शिजवून साच्यात ओतायचा. गाठ म्हणून आत ती चिंचोका घालायची, कारण स्कॅनच्या यंत्रात चिंचोका छान उठून दिसतो आणि भुईगावात त्याला तोटा नाही. एकदा घाईघाईत एक फुटका, अर्धा चिंचोकाही साच्यात पडला. लक्षात येईतो चायना ग्रास घट्ट झाला होता, आणि तासाभरात चाचणीला बसायचं होतं. लुसी गप्प राहिली. तीन शहरांतले तज्ज्ञ आठवडाभर त्या ठिपक्यावर ईमेल लिहीत बसले. शेवटी तिनं कबूल केलं, सगळे पोट धरून हसले, आणि ती चाचणी तशीच राहू दिली. गाठ पडद्यावर लाल दाखवलेली असे, आणि सुईनं जेवढा भाग जाळून होई तेवढा लाल रंग पडद्यावरून पुसला जाई. अर्ध्या चिंचोक्याला रंगच दिलेला नव्हता, म्हणून तो शेवटपर्यंत दिसत राही. पुढे ती चित्रफीत इतरांना शिकता यावं म्हणून इंटरनेटवर सगळ्यांसाठी खुली ठेवली. प्रकाशगुरू तिथूनच शिकले असणार.

हंसानं सगळं ऐकलं. "तुजा चिंचोका माज्या पोटात कसा जाईल? कायतरीच तुजं."

"पुढच्या गुरुवारी दुसऱ्यांदा बोलावलंय ना तुला? मी येते बरोबर. मी सांगेन तसं झालं नाही, तर ऑपरेशनचं नाव परत काढणार नाही."

"आनि झालं तर?"

"तर सोमवारी तू हॉस्पिटलात जायचं."

हंसानं मान डोलावली, पण नेहमीसारखी तासभर बसली नाही.

गुरुवारी लुसी खांद्याला कापडी पिशवी अडकवून हॉलमध्ये शिरली. तिनं घरूनच एक कागद लिहून घडी घालून आणला होता. तो तिनं प्रितेशच्या खिशात घातला. "मी सांगेन तेव्हा उघड." प्रितेश वसईच्या एका कंपनीत नोकरीला. आईची गाठ गेली म्हणून आठवडाभर त्याला नीट झोप लागत होती, आणि लुसीमावशी ती मोडायला निघाल्याचा राग त्याच्या तोंडावर दिसत होता.

हंसाचं नाव पुकारलं गेलं. ती पलंगावर निजली. लुसी नातेवाईक म्हणून पायाशी उभी राहिली. पडद्यावर मूत्रपिंड उगवलं.

"दुसरी बैठक मुळावर घाव घालते," गुरू म्हणाले. "गाठीची आठवणसुद्धा शरीरातून निघून जाते. पेशींना आपण सांगायचं, विसरा."

लुसी दोन पावलं पुढे सरकली आणि कॅमेरा आणि दांडी यांच्या मध्ये उभी राहिली. प्रयोगशाळेत याच चुकीबद्दल तिनं वर्षानुवर्षं ओरडा खाल्ला होता. कॅमेऱ्याला गोळे दिसेनासे झाले, की पडद्यावरची सुई जागच्या जागी थिजायची आणि सर्जन डोक्याला हात लावायचे. इथे सुई मजेत चालत राहिली.

"माताजी, बाजूला व्हा. किरण लागतील."

"लागू देत. कॅमेऱ्यासमोर मी आहे. त्याला दांडी दिसत नाही. मग सुई कोण चालवतंय?"

"हा प्रकाश माणसातून आरपार जातो."

"बरं," लुसी म्हणाली आणि तिनं गुरूंच्या हातातून दांडी काढून घेतली. सासरेबुवांच्या हातातून सुनेनं पानाचा डबा घ्यावा इतक्या सहज. गुरूंना नाही म्हणायला वेळच मिळाला नाही. तिनं दांडी कापडी पिशवीत टाकली, वर रुमाल ठेवला. दांडी पिशवीत, पिशवी लुसीच्या खांद्याला, आणि पडद्यावर सुई इमानेइतबारे गाठ जाळत होती. पुढच्या रांगेत कुणीतरी हसलं. मग दोन-चार जण हसले.

"प्रितेश, आता वाच."

प्रितेशनं कागद उघडला. माइक त्याच्या तोंडाशी कुणी धरला कोण जाणे. "लाल रंग गेला, तरी मागे डावीकडे एक पांढरा ठिपका राहील. एका बाजूनं गोल, एका बाजूनं तुटलेला. तो माझ्या हातून पडलेला अर्धा चिंचोका आहे. मागच्या गुरुवारच्या सगळ्या रुग्णांत तो सापडेल. आपापल्या फोनवर काढलेलं बघा."

पडद्यावरचा लाल रंग संपला. ठिपका राहिला.

हॉलमधली दोनशे माणसं खाली माना घालून आपापल्या फोनमध्ये बघू लागली. नायगावच्या बाईच्या पोटात ठिपका होता, मनवेलपाड्याच्या आजोबांच्या पोटात तोच होता, सतरा वर्षांच्या एका मुलीच्या पोटातही. एकानं दुसऱ्याचा फोन घेतला, दुसऱ्यानं तिसऱ्याचा. सेवकांनी माइक बंद केला. स्टेजवर बघितलं, तर पांढरा कोट पलंगावर हंसाच्या पायाशी पडला होता आणि प्रकाशगुरू मागच्या दारानं गेले होते.

"ही एक जुनी चित्रफीत आहे, प्रत्येकाला तीच दाखवतात," लुसी माइकशिवायच म्हणाली. "कुणाचीही गाठ गेलेली नाही. तुम्ही बरे झालात असं कुणी म्हटलं, तर दुसरीकडे पुन्हा तपासून घ्या. यंत्र आहे म्हणून विश्वास ठेवू नका, त्याच्यासमोर उभं राहून बघा, थांबतं का. आणि आपल्या डॉक्टरकडे परत जा. आजच जा."

टाळ्या वगैरे काही झालं नाही. लोक तिच्याकडे न बघता उठू लागले. मनवेलपाड्याचे आजोबा तेवढे जवळ आले. "बाई, तुमचं खरं असेल. पण मला हा आठवडाभर बरं वाटत होतं," ते म्हणाले आणि काठी टेकत निघून गेले.

रिक्षात हंसा बाहेर बघत होती. निर्मळ गाव मागे पडल्यावर ती बोलली.

"आठ दिवस मी बरी होते. तू ते पन घेतलंस."

"हंसा, ते खोटं होतं."

"ते कललं मला. अडानी नाय मी. पन त्या मान्सानं माजा हात धरून इचारलं, भीती वाटते का. हॉस्पिटलात कोनी इचारलं? तू मला चित्रं काढून दाकवलीस. तासभर. तू तरी इचारलंस?"

यंत्राची भीती घालवायची तर यंत्र समजावून सांगायचं, हेच तिला माहीत होतं. घरी येऊन ती ओट्यावर बसली आणि पुष्कळ वेळानं रडली. शुक्रवारी चारला हंसा आली नाही. शनिवारीही नाही.

आता इथे सांगणाऱ्याला दोन शब्द बोलू द्या. भोंदू माणूस उघडा पाडायला एक सकाळ पुरते, आणि तो पाडलाच पाहिजे, कारण त्याच्या दांडीनं माणसं मरतात. विचारा, तपासा, कॅमेऱ्याच्या आड उभे राहा. देवाच्या नावानं सांगितलं तरी विचारा आणि कॉम्प्युटरच्या नावानं सांगितलं तरी विचारा. पण लोक त्या हॉलमध्ये बुद्धी घरी ठेवून गेले होते, असं समजू नका. ते घाबरले होते आणि त्यांच्या शेजारी कुणी नव्हतं. ती जागा आपण रिकामी ठेवली, की तिथे कुणीतरी कोट घालून येऊन बसतो.

रविवारी मिस्सा आटोपून लुसी पलीकडच्या गल्लीत गेली. हंसा अंगणात वाल सोलत होती. तिनं वर बघितलं नाही. लुसी तिच्याजवळ बसली आणि वाल सोलू लागली.

"आज नाय समजावून सांगनार काय?"

"नाही. भीती वाटते?"

हंसाचे हात थांबले. "लय."

"मलाही वाटते. तू नसलीस, तर माझ्याशी बोलणारं कोणी नाही. दिवसच्या दिवस जातात."

हे वाक्य लुसी आयुष्यात पहिल्यांदा बोलली. हंसानं तिच्याकडे बघितलं, मग पुन्हा वालाकडे.

"प्रितेशनं गाडी सांगितलीय उद्याला. सकाली पाच वाजता."

"मी येते. बाहेर बाकावर बसून राहीन."

"किती येल लागंल?"

"चार तास. जास्तही लागेल."

"आनि डाक्तर म्हनतात, नक्की सांगता येत नाय. बरी होशील असं तोंडानं कबूल करत नायत."

"खरं तेच सांगतायत ते."

हंसानं सोललेले वाल हातानं एकीकडे सारले. "आनि मी बाहेर आलेच नाय तर?"

लुसीला कितीतरी आकडे माहीत होते, आणि ते चांगले होते. तिनं त्यातला एकही सांगितला नाही. हंसाचा ओला, वालाच्या वासाचा हात तिनं दोन्ही हातांत धरला.

"तरी मी तिथेच असेन," ती म्हणाली.