साहेबांची महिनाभराची रजा

दिव्याखाली अंधार असतो म्हणतात. या ऑफिसातला अंधार शंकाताईच्या टेबलावर होता. कंपनीच्या सगळ्या शाखांसाठी रजेचं सॉफ्टवेअर ती लिहीत होती, आणि रजा मिळत नव्हती ती तिलाच.

शंकाताई हे अर्थात तिचं खरं नाव नव्हे. मीटिंग संपून लोक खुर्च्या मागे सरकवायला लागले, की "एक शंका आहे" म्हणून ती सगळ्यांना परत खाली बसवायची. त्यावरून पडलेलं हे नाव. रजेचं कारण साधंच होतं. धाकट्या बहिणीचे दिवस भरत आले होते. आई आता नव्हती. धाकटीने फोनवर फार काही मागितलं नाही, फक्त विचारलं, "ताई, तू असशील ना?" आणि ताईने "असेन" म्हणून टाकलं.

साहेबांनी अर्ज पाहिला. "अहो, सॉफ्टवेअर सगळीकडे सुरू होऊ द्या, मग हवी तेवढी रजा घ्या," ते म्हणाले. बाळाने तोवर आतच थांबावं, एवढं मात्र त्यांनी स्पष्ट सांगितलं नाही.

सॉफ्टवेअर सध्या फक्त त्यांच्याच ऑफिसात चाचणीसाठी सुरू होतं. एका दुपारी शंकाताई साध्या कर्मचाऱ्याच्या नावाने लॉगिन करून ते तपासत होती. साध्या कर्मचाऱ्याला 'मंजूर' हे बटण दिसत नाही, ते फक्त साहेब मंडळींच्या पडद्यावर असतं. पण बटण म्हणजे तरी काय? ते दाबलं की सर्व्हरला निरोप जातो, अमक्याची रजा मंजूर करा. शंकाताईने बटणाला वळसा घातला आणि तोच निरोप साध्या कर्मचाऱ्याच्या नावाने थेट पाठवून पाहिला. सर्व्हरने विचारलं, कोण? निरोपाने नाव सांगितलं. नाव खरं होतं, सर्व्हर खूश. रजा मंजूर!

"कोण" एवढंच तो विचारत होता. "तुला हे करायचा अधिकार काय" हे विचारायला त्याला कोणी शिकवलंच नव्हतं. ते शिकवायचं राहिलं होतं शंकाताईच्याच हातून. तिला घाम फुटला.

आणि घाम पुसता पुसता दुसरंच काहीतरी सुचलं. तिचा स्वतःचा अर्ज त्याच यादीत पडून होता. एक निरोप, की रजा खिशात. कुणाला पत्ताही लागला नसता. तिने निरोप टाइपसुद्धा केला. मग डोळ्यांसमोर धाकटीच आली. लहानपणी आई खाऊचा डबा वरच्या फळीवर, मोठ्या पातेल्यामागे लपवायची. धाकटी स्टुलावर चढून तो काढायची आणि वर शंकाताईलाच विचारायची, "ताई, आईला सांगितलंस?" या पोरीपुढे आजवर शंकाताईची एक थाप टिकली नव्हती. रजा कशी मिळाली, हे ती विचारणारच. शंकाताईने चरफडत निरोप पुसला.

दुसऱ्या दिवशी मीटिंगच्या शेवटी ती म्हणाली, "एक शंका आहे." सगळे परत बसले.

सगळं ऐकून साहेब हसले. "अहो, ज्याला बटणच दिसत नाही, तो दाबणार काय? कशाला गवगवा करता? झाकली मूठ सव्वा लाखाची."

"साहेब, कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहत नाही."

"असं? मग करा की माझीच रजा मंजूर!"

"किती दिवसांची?"

"महिन्याची करा!" साहेबांनी टेबलावर थाप मारली. मंडळी खो खो हसली.

शंकाताई हसली नाही. तिने सगळ्यांदेखत साध्या कर्मचाऱ्याच्या नावाने साहेबांचा अर्ज भरला, त्याच नावाने तो मंजूर केला आणि लॅपटॉप मिटला. "बघितलं," साहेब म्हणाले, "आकाश कोसळलं का?" आणि ते चहा प्यायला बाहेर गेले.

परत आले तर त्यांच्या कार्डाने दार उघडेना. लाल दिवा. पुन्हा लाल दिवा. काचेपलीकडून रिसेप्शनिस्ट अदबीने म्हणाली, "साहेब, तुम्ही रजेवर आहात."

"मी इथे तुमच्यासमोर उभा आहे!"

"ते मला दिसतंय हो. दाराला दिसत नाही ना. पाहुणे म्हणून नोंद करू का?"

गळ्यात 'पाहुणा' असं लिहिलेला बिल्ला अडकवून साहेब स्वतःच्या ऑफिसात शिरले. तोवर सॉफ्टवेअरने त्यांच्या मीटिंगा रद्द केल्या होत्या आणि त्यांचा कारभार आपोआप ऑफिसातल्या सर्वांत जुन्या माणसाकडे, म्हणजे शंकाताईकडे गेला होता. एवढ्यावर भागलं असतं तरी चाललं असतं. पण रजा मंजूर झाली की घरच्या माणसाच्या फोनवर संदेश जावा, ही साहेबांचीच कल्पना होती. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

त्यांचा फोन वाजला. वहिनींचा आवाज आजूबाजूच्या टेबलांनाही ऐकू आला. "इतकी वर्षं रजा मिळत नाही, मिळत नाही म्हणता, आणि आज एकदम महिन्याची? मी बॅगा काढल्यासुद्धा! दादाला कळवलं, आम्ही दोघं येतोय म्हणून. तो तर रडलाच हो." साहेबांनी घाईघाईने फोनचा आवाज कमी केला.

तोवर शंकाताई सॉफ्टवेअरमधलं भोक बुजवत होती. काम तसं छोटंसंच. सर्व्हरला दुसरा प्रश्न शिकवायचा: तू अमका आहेस हे ठीक, पण हे करायचा हक्क तुला आहे का? ओघात तिने आणखी एक अटही घातली. साध्या कर्मचाऱ्याच्या नावाने निरोप पाठवून पाहिला. सर्व्हरने हाकलून दिलं. छान.

साहेब बिल्ला सावरत तिच्या टेबलापाशी आले. "शंकाताई, माझी रजा रद्द करा. आत्ता फक्त तुम्हालाच करता येते म्हणे."

"करते. त्याआधी एक बघू द्या." आता 'मंजूर' हे बटण तिच्या पडद्यावर राजरोस होतं, आणि बटणासमोर तिचाच अर्ज. अधिकार खरा, बटण खरं. तिने दाबलं. सर्व्हरने उत्तर दिलं, 'स्वतःची रजा स्वतःला मंजूर करता येत नाही.'

ती अट तिनेच घातली होती, तासाभरापूर्वी. शंकाताईला अभिमान वाटला आणि त्याच क्षणी रडू कोसळलं. साहेब पाठीमागून वाचत होते. अर्जावरचं कारणही त्यांनी या वेळी नीट वाचलं.

त्यांचा फोन पुन्हा वाजायला लागला. घरूनच होता. साहेबांनी तो उचलला नाही, खिशात ठेवला.

"माझी रद्द नका करू," ते हळूच म्हणाले. "आठवड्याची करा, पण तुम्ही परत आल्यावरची. तो... म्हणजे माझा मेव्हणा, रडला म्हणे."

तिने तशी दुरुस्ती केली, तसा कारभार पुन्हा साहेबांकडे गेला. साहेबांनी बिल्ला काढला, आपल्या खुर्चीत जाऊन बसले आणि तिच्या अर्जासमोरचं बटण दाबलं. सर्व्हरने दोन्ही प्रश्न विचारले. त्याला दोन्हींची उत्तरं मिळाली.

शंकाताई धावतपळत दवाखान्यात पोहोचली तेव्हा धाकटीला आत नेलं होतं. दारात नर्स उभी.

"कोण आपण?"

"मी तिची मोठी बहीण."

"बहीण आहात ते कळलं. पण आत यायला कोणी सांगितलंय का?"

खरं तर शंकाताईला राग यायला हवा होता. तिला त्या बाईला मिठी मारावीशी वाटली.

तेवढ्यात आतून दमलेला, चिडलेला, ओळखीचा आवाज आला. "ताई आली का? अहो, सोडा तिला आत, मीच बोलावलंय!"

नर्सने दार उघडलं.