नळीच्या वरच्या टोकाला

दूरदेशी कुणाच्या तरी दिवाणखान्यात, काचेच्या पेटीत निळा मासा फिरला की पाहुण्यांवर छाप पडते म्हणे. पडो बापडी! पण त्या कौतुकापायी इथं एक बाई होडीत बसून नवऱ्याचा जीव मुठीत धरून होती. अगदी खराखुरा जीव. हवेच्या मशीनमधून निघालेली नळी तिच्या हातातून पाण्यात उतरत होती, आणि दुसरं टोक कमरेला बांधून, तोंडात धरून तो तळाशी श्वास घेत होता.

पूर्वी हा मासा काठाजवळच्या खडकांत, छातीभर पाण्यात मिळायचा. मग मागणी वाढली, मासे विकत घेणाऱ्या शेठची गाडी रोज येऊ लागली आणि सगळ्यांनी कपारींत औषध मारायला सुरुवात केली. औषध कसलं, विषच ते. मासा गुंगतो, अलगद हाताला लागतो. उरलेलं विष खडकाला बाधतं. जिवंत, रंगीत प्रवाळाचे खडक हाडासारखे पांढरे पडले आणि गावातले पुरुष खोल खोल जाऊ लागले. तिचे थोरले दीर असेच खोल गेले, घाबरून एका झटक्यात वर आले, पाण्याचा दाब एकदम सुटला आणि ते कमरेखाली कायमचे लुळे झाले.

नळीचा नियम सोपा होता. तिनं वरून हिसका द्यायचा, त्यानं खालून जबाब द्यायचा. पण आज सकाळचे मासे टबात मलूल होऊ लागले. मेलेल्या माशाला शेठ हात लावत नाही, म्हणून नळी मांडीखाली घेऊन ती त्यांचं पाणी बदलत बसली. माशांचा श्वास सांभाळण्याच्या नादात वारा कधी फिरला ते तिला कळलंच नाही.

कळलं ते वासावरून. मशीनचा धूर उलटून थेट हवा ओढणाऱ्या तोंडात शिरत होता. म्हणजे तोच धूर नळीतून खाली जात होता.

तिनं हिसका दिला. जबाब नाही. पुन्हा दिला. नळी नुसती पाण्याबरोबर हलली.

"अहो!" ती पाण्यावर ओरडली. जसं काही त्याला ऐकूच जाणार होतं!

मशीन बंद करावं तर हवाच बंद. तिनं वल्हं मारून होडी वळवली. पाय लागून टब कलंडला, मासे फळीवर तडफडू लागले. तिनं पाहिलंसुद्धा नाही. धूर दुसरीकडे गेला. आता ओढायचं. पण कसं? हळू ओढावं तर तो खालीच गुदमरेल, भराभर ओढावं तर थोरल्या दिरांची गत. इकडे आड, तिकडे विहीर. ती हातभर ओढायची, थांबायची, थांबली की रडू फुटायचं, की पुन्हा ओढायची. नळी फार जड लागत होती. जिवंत माणूस इतका जड लागतो का, हा विचार तिनं मनात येऊ दिला नाही.

मग खालून एक बारीक हिसका बसला.

डोकं पाण्याबाहेर आलं. होडीची कड धरून तो भडाभडा ओकला. तिनं दंडाला धरून त्याला आत ओढलं. पाय हलत होते. तिनं ते दोनदा चाचपून पाहिले.

"डोकं फुटतंय," तो म्हणाला. मग त्याची नजर फळीवर गेली. "मासे?"

"मेले. मरू देत मेले!"

"खाली एकही नाही गं. सगळं पांढरं." तो धापा टाकत होता. "उद्या पलीकडं जाऊ. तिथं तळ दिसत नाही, पण मासा असेल."

"मी नाही येणार."

"बरं. मग थोरल्या वहिनीला विचारतो नळी धरायला."

तिच्या डोळ्यांसमोर जाऊबाई आली. त्या दिवशी थोरल्या दिरांची नळी त्या जाऊबाईच्याच हातात होती.

"नको," ती म्हणाली. ती नळी गुंडाळू लागली. "मीच येते."