जास्तीची पायरी

दवाखान्यात सगळे तिला नोंदीवाल्या ताई म्हणत. सहा विभागांच्या कॉम्प्युटरमध्ये कोणी, केव्हा, कोणतं काम केलं याच्या लाखो नोंदी साठल्या होत्या. त्या चाळून सगळीकडे सारखे असणारे कामाच्या पायऱ्यांचे तुकडे वेगळे काढायचे, म्हणजे नवा विभाग उघडताना तेच तुकडे जसेच्या तसे वापरता येतील, हे तिचं काम. तीन महिने ती एका खोलीत एकटी होती. दिवसभरात कोणी बोललंच तर "ही खुर्ची नेऊ का?" एवढंच.

रुग्णाला घरी सोडण्याचा तुकडा पाच विभागांत हुबेहूब जुळला. हाडांच्या विभागात मात्र एक पायरी जास्तीची निघाली. शेवटच्या सहीआधी एकच कारकून प्रत्येक फाईल उघडायचा आणि काही न बदलता बंद करायचा.

"उडवून टाका," दवाखान्याचे साहेब म्हणाले.

तिला राहवेना. ती तळघरात त्या कारकुनाला भेटायला गेली.

"फोन नंबर बघतो, ताई," काका ओशाळून म्हणाले. "घरच्यांना सांगतो, न्यायला या, बिछाना खालच्या खोलीत घाला. मला कोणी सांगितलेलं नाही हं. बायको गेल्यापासून करतोय."

तिने पुन्हा नोंदी काढल्या. घरी पडून परत येणारे रुग्ण याच विभागात सर्वांत कमी होते. आकडे पाहून साहेबांनी ती पायरी ठेवायला सांगितली. महिन्याभरात ती पायरी सहाही विभागांत लागू झाली. सगळ्या विभागांचे फोन आता वरच्या मजल्यावरच्या एकाच टेबलावरून जाऊ लागले.

ती हौसेने सांगायला गेली.

"चांगलंच झालं की," काका म्हणाले. "लोक घरी पोचले की मला उलटा फोन करायचे. एक आजोबा तर आठवडाभर करत होते. आता तो वर वाजतो."

पायरी तिने नीट उचलली होती, माणूस तिथेच राहिला होता. तडक वर जाऊन ती साहेबांना म्हणाली, "हाडांचे फोन काकांकडेच राहू द्या."

"सगळीकडे एकसारखं व्हावं म्हणूनच तुम्हाला आणलंय ना?"

तिच्या कामाचे अकरा दिवस उरले होते. ते सगळे दिवस ती डबा घेऊन तळघरात गेली. काका फारसं बोलत नसत. एकदा त्यांनी विचारलं, "घरी कोण कोण असतं, ताई?"

"मीच."

काका "हं" म्हणाले आणि आपल्या डब्यातली भाजी तिच्या झाकणात वाढू लागले.